रोह्यांनी खाल्लेला हरभरा पंचनाम्यात का दिसत नाही

जंगलाला लागून असलेल्या धानाच्या बांधीत डुकरं शिरली, की सकाळी धुऱ्यावर (बांधावर) उभं राहूनच कळतं. धान आडवं पडलेलं, माती उकरलेली, सगळा राडा. वनरक्षक येतो, फोटो काढतो, पट्टा मोजतो, पंचनामा होतो. वाद झालाच तर पाच गुंठे की सात, एवढाच.

आता शेजारचं हरभऱ्याचं वावर बघा. तिथे दीड महिना रोज पहाटे तीन-चार रोही (नीलगायी) येऊन जातात. एका झाडाचा शेंडा खातात, दुसऱ्याचे चार घाटे, मग दहा पावलं पुढे जाऊन तिसऱ्याला तोंड लावतात. दिवसा वावर हिरवंगार दिसतं. पंचनाम्याला आलेला माणूस अगदी सरळ असला तरी म्हणणार, "पीक तर उभं आहे ना, भाऊ." कागदावर दहा टक्के नुकसान लागतं. मळणीला मात्र सातऐवजी पावणेपाच क्विंटलच पदरात पडतात, आणि मग शेतकरी म्हणतो की साहेबानं कमी लिहिलं, साहेब म्हणतो की शेतकरी वाढवून सांगतो.

दोघंही खोटं बोलत नसतात. डोळ्यांनी दिसणारं नुकसान एक असतं आणि खळ्यात येणारं दुसरं. डुकराच्या बाबतीत हे दोन आकडे बऱ्यापैकी जुळतात, रोह्याच्या आणि हरणाच्या बाबतीत ते जुळत नाहीत. आपल्याकडची सगळी पद्धत मात्र पहिला आकडा मोजण्यासाठी बनलेली आहे. हे कसं होतं आणि दुसरा आकडा मोजायचा तर कसा, ते इथे सविस्तर बघू.

आधी खाल्लं कोणी?

टक्केवारीच्या आधी हा प्रश्न सुटायला हवा. भरपाई वन्यप्राण्याच्या नुकसानीची मिळते, गावातल्या मोकाट जनावरांच्या नाही. अळीनं किंवा मर रोगानं गेलेलं पीकही त्यात धरता येत नाही.

पहिली खूण चाव्याची. रोही, चितळ, सांबर, काळवीट, गवा या सगळ्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते खालचे दात आणि वरची टणक हिरडी यांत फांदी धरतात आणि झटका देऊन तोडतात. त्यामुळे तुटलेल्या जागी कड फाटकी, दोरे निघालेली दिसते. ससा आणि उंदीर यांना वर-खाली दोन्हीकडे धारदार दात असतात. त्यांचा काप स्वच्छ आणि तिरपा असतो, कोणी चाकूनं छाटल्यासारखा, आणि तो जमिनीपासून फार वर नसतो. पुरुषभर उंचीच्या तुरीचे शेंडे फाटक्या कडेनं तुटलेले असतील तर ससा तिथे पोचूच शकत नाही. तिथे रोह्यासारखं उंच जनावरच आलं असणार.

हरभऱ्यात एक घोळ नेहमी होतो, घाटेअळी आणि रोही यांचा. अळी घाट्याला गोल भोक पाडते, आतला दाणा खाते आणि रिकामा घाटा झाडालाच लटकत राहतो. रोही घाटा देठासकट, पुष्कळदा डहाळीसकट ओढून नेतो. म्हणजे अळीनं केलेलं नुकसान झाडावर मोजता येतं, रोह्यानं केलेलं झाडावर नसतंच. पंचनाम्याच्या वेळी झाड हातात घेऊन हे दाखवावं लागतं. लांबून दोन्ही सारखेच दिसतात.

मात्र चाव्यावरून रोही आणि गाय वेगळे ओळखता येत नाहीत, कारण गाईलाही वरचे पुढचे दात नसतात. तिथे खूर बघायचा. गाईचा ठसा पसरट आणि गोलसर, रोह्याचा लांबट आणि पुढे निमुळता. रोह्याची आणखी एक सवय कामाची आहे. तो एकाच ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. वावराच्या कडेला असा लेंड्यांचा जुना-नवा मिळून झालेला ढीग सापडला, तर रोही नेहमी येतो हे सांगायला दुसरा साक्षीदार नको. डुकराच्या ठशात दोन मोठ्या खुरांच्या मागे दोन्ही बाजूंना दोन छोटे ठिपके उमटतात. ओल्या मातीत ते हमखास दिसतात. हरणाच्या साध्या चालीत ते सहसा उमटत नाहीत.

डुकराची बाकीची कामं लपत नाहीत. पेरणी झाली की तास धरून बियाणं उकरत जातं, भुईमूग मुळासकट उपटतं, ऊस बुडाशी चावून रस चोखतं आणि चोथा तिथेच थुंकतं. वानरं निम्मं खाऊन निम्मं फेकतात, त्यामुळे खाली पडलेली अर्धवट चावलेली फळं आणि कणसं हाच पुरावा. साळिंदर बुंध्याची साल कुरतडतं, कंद उकरतं, आणि नशीब असेल तर एखादा काटा ठेवून जातं.

या सगळ्या खुणा पहिल्या एक-दोन दिवसांतच खात्रीनं वाचता येतात. पाणी दिलं, पाऊस पडला किंवा गुरं फिरली की ठसे जातात आणि तुटलेली कड वाळून सगळीकडे सारखीच दिसू लागते. तेव्हा फोटो पहाटेच काढावेत, आणि ठशाशेजारी काडेपेटी किंवा मोजपट्टी ठेवून काढावेत, म्हणजे आकार कळतो.

डुकराचा हिशेब

नुकसानीचं गणित तीन आकड्यांचं असतं. किती क्षेत्र गेलं, तिथे किती पिकलं असतं आणि त्याला काय भाव मिळाला असता. त्या गुणाकारातून, जे थोडंफार हाती लागलं ते वजा करायचं.

समजा, एक एकर धान आहे. एकर म्हणजे ४० गुंठे, आणि गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. डुकरांनी तीन ठिकाणी धान लोळवलंय, अडीच, दीड आणि दोन गुंठे, मिळून सहा. बाकी बांधीत एकरी १६ क्विंटल येतील असा अंदाज, म्हणजे गुंठ्याला ४० किलो. सहा गुंठ्यांत २४० किलो यायला हवे होते. आडव्या धानातून लोंब्या वेचून ६० किलो निघाले. नुकसान १८० किलो. भाव क्विंटलला २,३०० रुपये धरला तर ४,१४० रुपये.

हे सोपं वाटतं, पण या तीन आकड्यांतही खाचखळगे आहेत. क्षेत्राचंच घ्या. हल्ली मोबाईलवर जीपीएस लावून कडेनं चालत गेलं की क्षेत्र निघतं. मोठ्या वावराला ते चालतं. दीड गुंठ्याच्या पट्ट्याला चालत नाही, कारण मोबाईलची चूक तीन-चार मीटरची सहज असते आणि पट्ट्याची सगळी रुंदीच बारा मीटर आहे. छोट्या पट्ट्याला टेपच लावावा. वेडावाकडा असेल तर मनातल्या मनात त्याचे दोन-तीन चौकोन आणि त्रिकोण पाडावेत.

दुसरा वाद 'किती पिकलं असतं' याचा. शेतकरी आपलं सर्वांत चांगलं साल आठवतो, कागदावर तालुक्याची सरासरी येते. यावर एक साधा उपाय आहे, तोही फारसा कोणी करत नाही. त्याच बांधीतला, त्याच वाणाचा, न तुडवलेला एक तुकडा कापून, झोडून, वजन करायचं. त्याच पावसाचं, त्याच खताचं, त्याच मातीचं उत्पन्न मिळतं, आणि मग तालुक्याची सरासरी कोणी काढत नाही.

रोह्याचा हिशेब

इथे पट्टाच नसतो, म्हणून क्षेत्राचा आकडाच हातात येत नाही. खाणं सगळीकडे थोडंथोडं विखुरलेलं असतं. मग नमुने घ्यावे लागतात.

लाकडी काठ्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा. वावरात नागमोडी चालत जा आणि ठरावीक पावलांवर, समजा दर वीस पावलांनी, चौकट खाली ठेवा. आतली सगळी झाडं मोजा, त्यातली किती तोंड लागलेली आहेत ते मोजा. अशा वीस जागा झाल्या की एक बरं चित्र तयार होतं. महत्त्वाचं एवढंच, की चौकट कुठे टाकायची हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. शेतकऱ्याची नजर खाल्लेल्या झाडाकडे जाते आणि साहेबाचे पाय धुऱ्याच्या कडेनं चालतात, कारण तिथे चालायला सोपं. जंगलाकडचा धुरा असेल तर तिथे नुकसान जास्त दिसेल, गावाकडचा असेल तर कमी. दोन्ही चुकीचं.

पण मोजणी नीट झाली तरी 'शंभरातली चाळीस झाडं खाल्लेली' म्हणजे चाळीस टक्के नुकसान होत नाही. खाल्लेलं झाड मेलेलं नसतं. आणि इथे सगळ्यात गमतीची गोष्ट येते. हरभऱ्याचे शेंडे आपण स्वतःच खुडतो. पीक महिन्याभराचं असताना कोवळे शेंडे खुडले की फांद्या जास्त फुटतात आणि घाटे वाढतात, हे घरोघरी ठाऊक आहे, आणि खुडलेल्याची भाजीही होते. त्या दिवसांत रोह्यानं हलकं तोंड लावलं तर झाड ते भरूनही काढतं. तोच रोही फुलं लागल्यावर आला तर झाडाकडे वेळ उरत नाही, ओल संपत आलेली असते, नवी फूट आली तरी तिला घाटे धरत नाहीत. घाटे भरताना आला तर गेलेलं ते गेलंच. धानाचंही असंच. फुटव्याच्या वेळी खाल्लं तर पुन्हा फुटतं, लोंबी बाहेर पडल्यावर खाल्लं तर पेंढाच राहतो. सोयाबीनची दोन पानांवरची रोपं चितळांनी शेंड्यासकट खाल्ली तर ते रोप संपलं, पण शेजारच्या रोपांना जागा मिळून ती थोडी जास्त पसरतात.

म्हणून एकाच दिवशी येऊन मारलेला शेरा दोन्हीकडे चुकू शकतो. कोवळ्या पिकात नुकसान आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, पक्व होत आलेल्या पिकात कमी. सरासरीत ते बरोबर निघेल असं म्हणायची सोय नाही, कारण फुलं-घाट्यांच्या दिवसांत रोह्यांची ये-जा थांबत नाही आणि तेव्हाचं खाणं डोळ्यांना सगळ्यात कमी दिसतं. न लागलेला घाटा मोजणार कसा?

ताडोबाच्या कडेला काय सापडलं

नेमका हाच प्रश्न घेऊन जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांत काम केलं. ते संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी एकाच नुकसानीकडे चार वेगवेगळ्या पद्धतींनी पाहिलं. पद्धती वेगळ्या, पण उत्तर जवळपास एकच आलं. जंगलाला अगदी चिकटून असलेल्या वावरात निम्म्याहून जास्त उत्पन्न जातं, आणि जंगलापासून जसजसं दूर जावं तसतसं ते हळूहळू कमी होत जातं.

पण त्या अभ्यासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष वेगळा आहे. भरपाईसाठी वापरली जाणारी, नजरेनं अंदाज घेण्याची पद्धत खऱ्या नुकसानीपेक्षा फार कमी आकडा देते, एवढंच त्यांना आढळलं असतं तर उपाय सोपा होता. दुपटीनं गुणा आणि मोकळे व्हा. त्यांना आढळलं ते असं, की नजरेच्या अंदाजाचा आणि खऱ्या नुकसानीचा एकमेकांशी मेळच नाही. म्हणजे ज्याच्या पंचनाम्यात जास्त लिहिलंय त्याचं खरोखर जास्त गेलंय असंही म्हणता येत नाही. तसं असेल तर एवढा सगळा कागदोपत्री खटाटोप नेमकं काय मोजतो, हा प्रश्न वन विभागानं स्वतःला विचारायला हवा होता. आपल्याकडे चर्चा मात्र भरपाईची रक्कम वाढवण्यावरच अडते.

अंतराप्रमाणे उतारा (एकरी उत्पन्न) कसा बदलतो, हे पाहणं कुठल्याही गावाला जमण्यासारखं आहे. एकाच पिकाची, एकाच वाणाची वीसेक वावरं घ्या, प्रत्येकाची एकरी झडती, म्हणजे किती पिकलं ते, लिहा आणि वावर जंगलापासून किती लांब आहे ते लिहा. अडचण एवढीच की जंगलाजवळची जमीन पुष्कळदा हलकी, उताराची असते, तेव्हा मातीचा फरक जनावरांच्या माथी मारला जाऊ नये.

जाळीची चौकट

यातून सुटायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे वावरातला एक तुकडा जनावरांपासून पूर्ण राखून ठेवायचा आणि सोंगणीला (कापणीला) आत आणि बाहेरचं वजन करायचं. आतही तोच पाऊस, तीच अळी, तोच मर रोग, तेच खत. फरक एकच, रोही आत पोचत नाही. म्हणून आत-बाहेरचा फरक जो येईल तो रोह्याचा. कधी खाल्लं, झाडानं किती भरून काढलं, फुलं किती गळली, यातलं काहीच वेगळं मोजावं लागत नाही. ते सगळं शेवटच्या वजनात आलेलं असतं.

करायचं कसं? पेरणी झाली की लगेच दोन मीटर बाय दोन मीटरच्या तुकड्याला चार खांब ठोकून पाच फूट उंच तारेची जाळी लावायची. जाळी मोठ्या छिद्रांची हवी. शेडनेट लावली तर सावली पडते आणि आतलं पीक वेगळंच वाढतं. सोंगताना चारी बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर सोडून मधला एक चौरस मीटरच कापायचा, कारण कडेच्या झाडांपर्यंत बाहेरून मान पोचते. जागा आधीच चिठ्ठी टाकून ठरवायची. चांगली काळी जमीन बघून जाळी लावली की आकडा फुगतो, आणि पंचनाम्याला आलेल्या कृषी सहाय्यकाला ते एका नजरेत कळतं. एका जाळीवर विसंबायचं नाही. तीन तरी हव्यात, पाच असतील तर उत्तम, कारण एकाच वावरातही चौरस मीटरचं वजन कुठे दीडशे ग्रॅम, कुठे दोनशे ग्रॅम असं सहज बदलतं.

आता सुरुवातीच्या हरभऱ्याकडे येऊ. समजा, जाळीच्या आत चौरस मीटरला सरासरी १८० ग्रॅम निघाले आणि बाहेरच्या वीस चौकटींत सरासरी ११७ ग्रॅम. घट ३५ टक्के. एकरात साधारण ४,०४७ चौरस मीटर असतात. आतल्या हिशेबानं ७२८ किलो यायला हवे होते, आले ४७३. गेले २५५ किलो. क्विंटलला ५,००० रुपये धरले तर १२,७५० रुपये. नजरेनं दहा टक्के लिहिले असते तर ३,६४० रुपये.

या आकड्यांत जागलीचा खर्च कुठेच नाही, हे लक्षात घ्या. जाळीबाहेरचं जे पीक वाचलं ते रात्र-रात्र माळ्यावर बसून, फटाके फोडून, झटका मशीनची (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राची) बॅटरी सांभाळून वाचलेलं आहे. आणि ज्यानं कंटाळून जंगलाकडची ज्वारी किंवा भुईमूग पेरणंच सोडलं, त्याचं नुकसान तर कुठल्याच चौकटीत येत नाही. नसलेल्या पिकाचा पंचनामा होत नाही.

कागदावरचा हिशेब

महाराष्ट्रात वन्यप्राण्यांनी केलेल्या पीक नुकसानीसाठी वन विभाग भरपाई देतो. घटना घडल्यापासून तीन दिवसांत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे अर्ज करायचा. सोबत सातबारा, आधार, बँक पासबुक आणि फोटो. पंचनाम्याला वन कर्मचाऱ्यांबरोबर कृषी आणि महसूल खात्याचा माणूस असतो. वनजमिनीवर अतिक्रमण करून घेतलेल्या पिकाला भरपाई मिळत नाही.

रक्कम कशी ठरते ते ९ जुलै २०१५ च्या शासन निर्णयावरून समजून घेता येईल. त्यात पायऱ्या होत्या. नुकसान १०,००० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण रक्कम, किमान १,००० रुपये. त्याहून जास्त असेल तर १०,००० अधिक वरच्या रकमेच्या ८० टक्के, आणि एकूण कमाल २५,०००. उसाला टनामागे ८०० रुपये, तीच कमाल मर्यादा. नारळ, सुपारी, आंबा, केळी यांना झाडामागे ठरलेली रक्कम. आपल्या हरभऱ्याला लावून बघा. १२,७५० मधले पहिले १०,००० पूर्ण, उरलेल्या २,७५० चे ८० टक्के म्हणजे २,२००, मिळून १२,२००. पाच एकरवाल्याचं मात्र याच दरानं ६३,७५० रुपयांचं नुकसान होतं आणि त्याला मर्यादेमुळे २५,००० मिळाले असते. दर पुढे सुधारले गेले आहेत, तेव्हा अर्ज करताना त्या वेळचे चालू दर कार्यालयात विचारून घ्यावेत. पायऱ्यांमागचा विचार कळावा म्हणून हे उदाहरण.

माझा आक्षेप रकमेपेक्षा त्या तीन दिवसांच्या अटीला जास्त आहे. ही अट डुकराकडे बघून लिहिली आहे. डुकराचा हल्ला एक घटना असते, तिला तारीख असते. रोही दीड महिना रोज येतो, त्याची घटना कोणती? पहिल्या दिवशी अर्ज केला तर नुकसान नगण्य, शेवटच्या दिवशी केला तर उशीर. व्यवहारात लोक घाटे भरताना एकदा अर्ज करतात आणि तोच दिवस घटनेचा म्हणून लावतात. मग आलेला माणूस त्या दिवसाच्या खुणा शोधतो आणि त्याला दहा-वीस ताजे चावे सापडतात.

पीक विम्याचंही दुखणं याच जातीचं आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांच्या हल्ल्याचा समावेश स्थानिक जोखमीखाली जादा संरक्षण म्हणून करण्याची घोषणा केंद्रीय कृषी मंत्रालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये केली, खरीप २०२६ पासून. कुठले प्राणी आणि कुठले जिल्हे हे राज्यांनी अधिसूचित करायचं. शेतकऱ्यानं ७२ तासांत ॲपवरून, जागेची नोंद असलेल्या फोटोंसह कळवायचं. फोटोत आडवं धान दिसेल. खुडलेला हरभरा दिसणार नाही. आणि विम्याचा नेहमीचा मार्ग, म्हणजे महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवरून भरपाई, तो जंगलकाठच्या शेतकऱ्याला पोचतच नाही. मंडळात पंचवीस गावं असली आणि त्यातली चार जंगलाला लागून असली, तर चार गावांची घट बाकीच्या एकवीस गावांच्या उताऱ्यात बुडून जाते.

पंचनाम्यावर सही करण्याआधी

पंचनामा वाचून बघा. प्राण्याचं नाव लिहिलंय का, पिकाची अवस्था लिहिलीय का (फुलोरा, घाटे भरणे, पक्वता), गट नंबर बरोबर आहे का, आणि बाधित क्षेत्र व नुकसानीची टक्केवारी वेगवेगळी लिहिलीय का. हा शेवटचा मुद्दा रोह्याच्या बाबतीत फार अडतो. 'एक एकर बाधित, ३५ टक्के' आणि '३५ टक्के क्षेत्र बाधित' यांचा अर्थ वेगळा निघतो, आणि दुसऱ्या वाक्यानंतर आणखी एकदा टक्केवारी लावली जाऊ शकते. चौकटींची मोजणी केली असेल तर तो कागद पंचनाम्याला जोडून द्या आणि 'सोबत जोडपत्र' असं त्यात लिहून घ्या. जाळी असेल तर ती दाखवा, आत-बाहेरचा एकत्र फोटो काढायला सांगा. एवढ्यानं रक्कम वाढेलच असं नाही. पण आलेल्या माणसालाही वर उत्तर द्यायचं असतं, आणि त्याच्या हातात मोजलेला आकडा असला तर तो लिहायची त्याची हिंमत होते.

पंचनाम्याला फाटा देणारा एक विचार वाटवे आणि सहकाऱ्यांनीच मांडला आहे. एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीचा पुरावा मागायचाच नाही. सोंगणीनंतर उत्पन्न किती झालं ते बघायचं. त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांचा सरासरी उतारा जेवढा घटलाय, त्या प्रमाणात सगळ्यांना आधार द्यायचा, आणि त्यातही ज्यानं जास्त पिकवलं त्याला जास्त रक्कम द्यायची. ऐकायला उलटं वाटतं, पण यात पीक वाऱ्यावर सोडून भरपाईची वाट बघण्यात फायदा उरत नाही, आणि आपलं उत्पन्न लपवून सांगणाऱ्याचा स्वतःचाच वाटा कमी होतो. राखण करणाऱ्याला राखणीचे पैसे मिळतात, जे आजच्या पद्धतीत मिळत नाहीत. आज ज्यानं रात्री जागून पीक वाचवलं त्याला भरपाई कमी, झोपला त्याला जास्त.

यातली कळीची गोष्ट म्हणजे घट कशाच्या तुलनेत मोजायची. लांबच्या गावचा उतारा घेतला तर मातीचा फरक आड येतो, मागच्या पाच वर्षांची सरासरी घेतली तर त्या पाचही वर्षांत रोही होतेच. म्हणून गावागावांत जंगलापासूनच्या अंतराप्रमाणे आठ-दहा जाळ्यांच्या चौकटी लागतील. त्या कृषी विभागानं लावाव्यात की ग्रामपंचायतीनं, यावर वाद होऊ द्या. लावायच्या मात्र पेरणीच्याच आठवड्यात. घाटे भरल्यावर लावलेल्या जाळीतून आधीच्या दीड महिन्याचा हिशेब निघत नाही.